कुठल्याच पाढ्यात नसलेला आकडा

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. महाळुंगे पडवळला आमच्या ओसरीवर पाहुणे बसले होते आणि माझे वडील अभिमानाने सांगत होते की पोरगी गणितात एम. एस्सी. आहे. सासऱ्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "असं व्हय? मग सांग बरं, एकोणतीस सत्ते किती?"

मी गडबडले. तीस सत्ते दोनशे दहा, त्यातून सात गेले, असं मनात चाललं होतं, तेवढ्यात त्यांनीच उत्तर दिलं. "दोनशे तीन." सगळे हसले. लग्न जमलं, पण पुढची सोळा वर्षं पिंपरी पेंढारला आमच्या मळ्यात कुणी पाहुणा आला की ते सांगायचे, "सूनबाई एम्मेस्सी हाये, पण पाढं लई कच्चं."

सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ, शिवाय पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढेही. आजूबाजूचे लोक बांध मोजायला त्यांना बोलवायचे. लग्नानंतर आम्ही लेण्याद्रीला गेलो तेव्हा गणपतीपेक्षा त्यांचं लक्ष पायऱ्यांकडेच होतं. चढताना मोजल्या, उतरताना मोजल्या आणि खाली येऊन पाटीवरचा आकडा चुकलाय म्हणून एका फुलवाल्याशी भांडले. कडक माणूस. माझ्याशी वाईट वागले असं नाही, पण मी नोकरी करते हे त्यांना कधीच पटलं नाही. मी आंबेगाव तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायचे. सकाळी भाकरी करून स्कूटीवर निघायचे आणि दुपारी परत. येता-जाताना हेल्मेटच्या आत पाढे नाही, पण प्रमेयं मात्र मोठ्याने म्हणायचे. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता.

आबांना झटका आला तेव्हा ते कांद्याच्या वाफ्यात उभे होते. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात बैठक झाली. नवरा चाकणला कंपनीत, आठवडाभर तिकडेच खोली करून राहणारा. नणंद तिच्या संसारात, सासू आधीच गेलेली, आमची मुलगी पुण्याला शिकायला. सगळ्यांनी एकेक करून आपली अडचण सांगितली आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," नवरा म्हणाला.

"किती दिवसांचा?" मी विचारलं.

मी राजीनामा दिला. तासिकेवाल्यांचा राजीनामा म्हणजे एक फोन.

त्याच हिवाळ्यात बिबट्या आमच्या वस्तीवर आला. आमचं घर मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. आधी कुत्रं गेलं, मग शेजारच्यांची शेळी. नवऱ्याने वेल्डर बोलावून पडवीला खालपासून वरपर्यंत लोखंडी जाळी ठोकून घेतली. वस्तीवर दुपारी चारनंतर कुणी बाहेर पडेना. आबांना व्यायाम द्यायला जो मुलगा संध्याकाळी यायचा, त्याने यायचं सोडलं. चुलत सासूबाई पलीकडच्या घरात राहायच्या, मध्ये जेमतेम दोनशे पावलं, पण त्याही जाळीतूनच मला हाक मारायच्या, "हाय का गं बरी?" आणि मी इकडच्या जाळीतून ओरडायचे, "हाय."

एकदा दुपारी तीनला कपडे काढायला गेले. दोरीवरची चादर ओढली आणि मागे तो. उसाच्या कडेला, बांधावर, पुढचे पाय जुळवून बसलेला. माझ्याकडे बघतही नव्हता. मी चादर छातीशी धरून उलट्या पावली आले, दार लावलं आणि त्यानंतर नऊ दिवस अंगणातसुद्धा उतरले नाही. पाणी आत, चूल आत, मोरी आत, आबा आत. नवव्या दिवशी मला कळेना की आज वार कोणता. त्या दिवशी मी तो आकडा वहीत लिहिला.

२१४७४८३६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दोनाला दोनाने गुणत एकतिसाव्या घातापर्यंत जायचं आणि त्यातून एक काढायचा. अकरावीच्या वर्गात मी दरवर्षी तो फळ्यावर लिहायचे. पोरांना एक गंमत दाखवायचे. दोनाचा दुसरा घात उणे एक, तीन, मूळ संख्या. तिसरा घात उणे एक, सात, मूळ संख्या. पाचवा, एकतीस. सातवा, एकशे सत्तावीस. पोरं म्हणायची, मॅडम, कळलं, घात मूळ असला की उत्तरही मूळ. मग मी अकरावा घात लिहायचे. दोन हजार सत्तेचाळीस. पोरं "मूळ, मूळ" म्हणून ओरडायची आणि मी खाली लिहायचे, तेवीस गुणिले एकोणनव्वद. मग एकतिसावा घात लिहून सांगायचे, हा मात्र मूळ आहे. एक आणि तो स्वतः, यांच्याशिवाय त्याला कशानेही पूर्ण भाग जात नाही. कुठल्याच पाढ्यात तो येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगायचे. स्वतः कधी तपासलं नव्हतं. कॉम्प्युटर नव्हता त्या काळात, अडीचशे वर्षांपूर्वी, युरोपातल्या एका माणसाने, ज्याची नजर जात चालली होती, ते कागदावर सिद्ध केलं होतं. मला वाटलं, त्याला जमलं तर आपल्याला का नाही. खरं सांगायचं तर तसंही काही वाटलं नव्हतं. मला फक्त दुपार संपवायची होती.

आकडा मूळ आहे की नाही हे बघायला त्याच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. याचं वर्गमूळ शेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या थोडं पुढे. तिथपर्यंत मूळ संख्या पावणेपाच हजारांच्या आसपास. तेवढे भागाकार म्हणजे जन्म गेला असता. पण इथे गणित माणसावर दया करतं. या आकड्याला भागणारी मूळ संख्या असलीच, तर तिला दोनशे अठ्ठेचाळीसने भागल्यावर बाकी एक किंवा त्रेसष्टच उरली पाहिजे, दुसरी कुठलीही नाही. याची सिद्धता मी कॉलेजात असताना पाठ केली होती. वहीच्या पहिल्या पानावर ती पुन्हा मांडायला मला तीन दिवस लागले, आणि जेव्हा जमली तेव्हा कितीतरी महिन्यांनी मला भूक लागली. अशा संख्या पावणेचारशेच्या आत. त्यातल्या ज्या मूळ नाहीत त्या खोडल्या की ऐंशीच्या आसपास उरतात. ऐंशी भागाकार. माणसाच्या हाताला जमण्यासारखे.

नवरा रविवारी आला तेव्हा त्याने वही बघितली. "मोबाईलवर टाक की. एका सेकंदात सांगेल."

"मग दुसऱ्या सेकंदाला मी काय करू?" मी म्हटलं. तो हसला, पण मी हसत नव्हते.

पहिला भाजक तीनशे अकरा. बाकी पस्तीस. दुसरा तेराशे तीन. बाकी दोनशे सव्वीस. मी आबांच्या खाटेजवळ बसून करायचे, कारण त्यांना दर तासाला कुशीवर वळवावं लागे. एका दुपारी भाजकाचा पाढा पुटपुटत होते. "तेरा चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट..." आणि थांबले, कारण चुलीवर दूध उतू जात होतं. दूध उतरवत होते तेव्हा मागून आवाज आला.

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर."

चार महिन्यांत त्या माणसाच्या तोंडून "हे, हे" याशिवाय काही निघालं नव्हतं. पोटच्या पोराचं नाव येत नव्हतं. मी पातेलं हातात घेऊनच वळले. ते छताकडे बघत होते आणि वाकड्या ओठातून एकेक ओळ बाहेर पडत होती. तेरा सत्ते एक्याण्णव. तेरा अठ्ठे. तेरा नव्वे. तेरा दाहे. पाढा संपला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं कधीकधी. बोलणं जातं, पण लहानपणी पाठ केलेलं राहतं. बोलण्याची जागा वेगळी, पाठांतराची वेगळी. "पण त्यांना पाणी मागता येईल का?" मी विचारलं. "ते नाही सांगता येणार," ते म्हणाले. आलंही नाही. तहान लागली की ते डाव्या हाताने खाटेची पट्टी वाजवायचे आणि पाढा म्हणायला सांगितला की तीसपर्यंत घडाघड म्हणायचे. त्यांच्याकडे तेवढंच राहिलं होतं.

मग रोज दुपारी आमचा उद्योग सुरू झाला. भाजक पाच आकडी व्हायला लागले होते. मी पहिले दोन आकडे मोठ्याने म्हणायचे आणि ते पाढा धरायचे. मी पुढचे आकडे बघून हातचे मिळवायचे. त्यांचे पाढे जुन्या वळणाचे. मी एकशे वीस म्हणायचे, ते "विसासे". भागाकार संपला की मी बाकी वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "नाही गेला, आबा." ते डावा हात उलटा करायचे. जाऊ दे, पुढचा घे. कधी दिवसाला एक व्हायचा, कधी अंथरूण, कपडे आणि औषधं यांत आठवडा जायचा.

लोकांना वाटेल की आमचं छान जमलं. तसं नव्हतं. मी त्यांची घाण काढत होते आणि मनात त्यांना शिव्या देत होते. ते बरे होत नव्हते आणि जातही नव्हते. मनात असं आलं म्हणजे मी उठून मागच्या खोलीत जायचे आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहायचे. चाळीस अंक मोजून परत यायचे.

सतरा हजार सहाशे नऊ हा भाजक आला त्या दिवशी माझ्या अंगात ताप होता. नऊच्या ओळीला आबा काहीतरी म्हणाले, पण मी ऐकलं नाही, स्वतःच लिहीत गेले. वजाबाक्या करत खाली आले आणि शेवटी पानावर शून्य उरलं.

शून्य. भाग गेला.

मला माहीत होतं की असं होऊ शकत नाही. जगातल्या सगळ्या पुस्तकांत लिहिलंय की हा आकडा मूळ आहे. पण समोर माझ्या हाताने लिहिलेलं शून्य होतं आणि मला ते हवं होतं. इतके दिवस मला कळलं नव्हतं की मला ते इतकं हवं आहे. कुठूनतरी भाग जायला पाहिजे. इतक्या मोठ्या आकड्याला एक तरी फट पाहिजे. मी नवऱ्याला फोन लावला. तो मशीनवर होता, उचलला नाही. मी उभी राहून म्हणाले, "आबा, गेला! भाग गेला!"

ते डोकं हलवत होते. डाव्या मुठीने खाटेवर आपटत होते. "सतरा नव्वे त्रेपन्नासे!"

"हो, हो. कळलं."

"सतरा नव्वे त्रेपन्नासे! सतरा नव्वे त्रेपन्नासे!" तोंडातून लाळ गळत होती, चेहरा लाल झाला होता.

आणि मी ओरडले. "गप्प बसा! तुमच्यामुळे अडकलेय मी इथं. तुमच्यामुळे! ना मरता, ना मला सोडता!"

जाळीपलीकडे चुलत सासूबाईंच्या घरात टीव्ही चालू होता. तोही कुणीतरी बंद केला. आबांची मूठ हवेतच राहिली. मग ती हळूच खाली आली आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. एवढं ते स्वतःचं स्वतः करू शकत होते.

ताप उतरल्यावर, दोन दिवसांनी, मी पान तपासलं. सतरा नव्वेला मी एकशे चौपन्न लिहिले होते. खाली हातच्यांच्या आणखी दोन चुका. तिघींनी एकमेकींना झाकत मला शून्यापर्यंत आणून सोडलं होतं. पुन्हा भागाकार केला. बाकी तेरा हजार दोनशे सत्तर. मी खाटेजवळ गेले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. त्रेपन्नासे. माझं चुकलं." मग म्हटलं, "ते दुसरंही चुकलं."

ते वळले नाहीत. पाणी प्यायचे, पेज खायचे, पण भिंतीकडे बघून. मी रोज दुपारी वही घेऊन बसायचे, पाढ्याची पहिली ओळ म्हणायचे आणि थांबायचे. चार दिवस मला एकटीलाच पुढे जावं लागलं. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. उसात काही सळसळलं तरी कळायचं. मला तेव्हा उमगलं की ह्या माणसाच्या तोंडात फक्त पाढे उरले होते, आणि त्यांनी त्या पाढ्यांनी मला चूक दाखवली होती. त्यांना दुसरा शब्दच नव्हता.

पाचव्या दिवशी मी "अठरा एके अठरा" म्हणाले आणि भिंतीकडून आलं, "अठरा दुणे छत्तीस." तोंड तिकडेच होतं. मी लिहायला लागले.

भाजक वाढत गेले. वीस हजार, पंचवीस हजार, एकोणतीस. मग एकतीस हजारांच्या घरात आलो. मी म्हटलं, "एकतीस एके एकतीस," आणि ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांची शाळा तीसला संपली होती. पुढे रस्ता नव्हता. मी एकटीने पाढा केला असता, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होते. मीही तसंच दाराकडे बघायचे.

"माझ्या मागनं म्हणा," मी म्हणाले. "एकतीस दुणे बासष्ट."

ओठ हलले, शब्द आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नवं काही येणं अवघड. मी पेज भरवताना म्हणायचे, अंग पुसताना म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात ते एकतीस चोक एकशे चोवीसपर्यंत स्वतः गेले. पाचेला अडखळले, रागाने पट्टी वाजवली आणि मी हसले. त्यांचाही डावा ओठ वर गेला. रविवारी नवरा आला तेव्हा मी म्हटलं, "ऐका," आणि आबांनी त्याला एकतीसचा पाढा चारपर्यंत म्हणून दाखवला. तो बाहेर जाऊन विनाकारण मोटर तपासून आला.

त्याच रविवारी मी त्याला म्हणाले, "मला आठवड्यातले तीन दिवस तरी शिकवायला बाहेर जायचंय. तुम्ही सगळे मिळून ठरवा कसं ते. या वेळेला मी बैठकीत बसणार नाही."

"अगं पण कोण बघणार त्यांना?"

"तेच ठरवा."

ठरायला दोन महिने लागले. तोपर्यंत यादी संपत आली. शेवटचा भाजक शेहेचाळीस हजारांना टेकलेला. दुपारचे दोन वाजले असतील. बाकी उरली. मी ती दोनदा तपासली आणि पेन खाली ठेवलं. मला वाटलं होतं की रडू येईल, किंवा काहीतरी सुटेल. तसं काही झालं नाही. जाळी होती तिथेच होती. जे अडीचशे वर्षांपूर्वी ठरलं होतं तेच माझ्या वहीत आलं होतं.

"आबा, संपलं. नाय जात कशानंच," मी म्हणाले.

त्यांनी वही मागितली, म्हणजे बोटं हलवली. मी तो आकडा समोर धरला. ते डाव्या हाताच्या नखाने एकेका अंकाखाली रेघ ओढत गेले, शेवटच्या सातपर्यंत. मग वही माझ्याकडे सरकवली आणि तळहात सपाट करून तिच्यावर ठेवला, कुणाच्या पाठीवर ठेवावा तसा.

आता आठवड्यातून तीन दिवस मी शिकवायला जाते. त्या दिवशी चुलत सासूबाई सकाळी त्यांच्या मुलाला सोबत घेऊन येतात आणि तो त्यांना आत सोडून जातो. मला चारच्या आत परत यावं लागतं. शेवटचा तास मला कधीच मिळत नाही. नवरा अजून चाकणलाच आहे. गेल्या पावसाळ्यात आबांना दुसरा झटका आला आणि त्यात पाढेही गेले. आधी एकतीसचा, मग मागचे, मग सगळेच. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं, समजतंही बहुतेक. नक्की कुणालाच माहीत नाही.

घरी आले की मी हातपाय धुऊन त्यांच्याजवळ बसते आणि वर्गात आज काय झालं ते सांगते. कोण चुकलं, कोण फळ्यापाशी येऊन रडकुंडीला आलं. ते माझ्या तोंडाकडे बघत असतात. पेज अर्धी होते तेव्हा ते ओठ मिटून घेतात. मी वाटी बाजूला ठेवते, बाहेरचं दार लावून घेते आणि उरलेली थोड्या वेळाने पुन्हा भरवते.